मदत हवी आहे: कोंबड्या एकमेकींची पिसं खातायत

माझ्याकडे ७ कोंबड्या आहेत. आधी खाली पडलेलं पीस गिळायच्या. आता एक तपकिरी कोंबडी दुसरीच्या शेपटीच्या मुळाशी फुटणारं कोवळं पीस उपटून खाते. तिथली कातडी लालभडक झालीय, बघवत नाही. रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात, म्हणून जखमी कोंबडीला लगेच वेगळं ठेवलंय. रात्री बॅटरीच्या उजेडात पंखांखाली पाहिलं, उवा नाहीत. पिसं म्हणजे बहुतेक प्रथिनंच, त्यामुळे मला खाद्याचाच संशय येतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ टक्के तरी प्रथिनं हवीत, आणि मी निम्मं नुसतं धान्यच टाकत होते. पिसं झडायच्या दिवसांत प्रथिनं किती वाढवू? खाद्य सुधारल्यावर ही खोड सुटते का, की त्या तपकिरीलाच काही दिवस वेगळं काढू?