गावच्या युद्धस्मारकावर हयात सैनिकांची नावं कोरावीत का?

धागाकर्ता
आमचं गाव नागपूरहून एसटीने तासाभरावर. बसस्थानकासमोर युद्धस्मारक बांधायचं घाटतंय, पण एका प्रश्नावर अडलंय: शिळेवर फक्त शहिदांची नावं, की लढून परत आलेल्यांचीही? माझं मत, दोघांचीही, आणि लवकर. १९७१ साली जे विशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. कोण कुठल्या आघाडीवर होतं, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यात १८१७ च्या लढाईत पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरी अजून आहेत. त्याच लढाईत भोसल्यांकडून लढलेल्या साध्या शिपायांपैकी किती जणांची नावं आपण सांगू शकतो?

सावनेरकर
असहमत. स्मारक पडलेल्यांचं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, सगळी प्राण दिलेल्यांची. ज्या माउलीचं पोर तिरंग्यात गुंडाळून आलं, तिला त्याचं नाव गर्दीत शोधायला लावू नका. हयात सैनिकांच्या हातून २६ जानेवारीला झेंडावंदन करा, त्यांचा मान ठेवा. शिवाय यादी एकदा उघडली की वशिल्याची नावं घुसणारच.

धागाकर्ता
त्याच स्मारकाच्या आवारात परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. ते बसवले तेव्हा बाना सिंग, योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार हयात होते. त्याने कुणाचा मान कमी झाला नाही.
वशिल्याचं म्हणाल, तर निकष सैन्यानेच ठरवून ठेवलेत. ७१ ला पूर्व आघाडीवर असलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ हे पदक, पश्चिमेला ‘पश्चिमी स्टार’. कारगिलला प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात होते त्यांना ऑपरेशन विजय स्टार. पदकाची नोंद पाहायची, मगच नाव घ्यायचं. शहिदांची शिळा वेगळी आणि उंच असावी, हे मात्र मान्य.

माजी हवालदार, कामठी
भाऊ, मी सैन्यातल्या गार्ड्स रेजिमेंटचा. १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का ३ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या गंगासागरच्या लढाईत गेले, परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. अशांची आठवण असताना दगडावर आपलं नाव पाहायला मला जमणार नाही. अन् काऊन दगडातच पैसा घालता? पेन्शनचं काम ऑनलाइन झाल्यापासून म्हाताऱ्या वीरपत्नी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईल घेऊन दुसऱ्यांच्या दारी जातात. तिथं एक खोली बांधा, संगणक ठेवा, अर्ज भरून देणारा माणूस बसवा.

वर्धा रोडची
काका, माझे बाबाही "माझं नाव नको" म्हणायचे. ६५ आणि ७१, दोन्ही वेळा ते तोफखान्यात ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणून घरात कुणी फारसं विचारलंच नाही. आता बाबा नाहीत. पदकं पेटीत आहेत, आणि ते कोणत्या युनिटमध्ये होते हे आम्हा भावंडांपैकी कुणालाच सांगता येत नाही. नावं लिहा. समोर युनिट आणि कामही लिहा, मग तो माणूस स्वयंपाकी असो की वायरलेसवाला.

सावनेरकर
खोलीची सूचना पटली. तिच्या आतल्या भिंतीवर हयात सैनिकांची नावं युनिटसकट लावा. बाहेरची शिळा फक्त शहिदांची. याहून पुढे मी येणार नाही.

धागाकर्ता
खोली हवीच, हवालदारसाहेब. पण नावं आत ठेवायला माझा विरोध कायम आहे. शाळेची पोरं बसमधून उतरतात, त्यांना समोर दिसेल तेच ती वाचतील. रविवारपासून घरोघर जाऊन डिस्चार्ज बुकं, म्हणजे सैन्यातल्या सेवेच्या नोंदवह्या, पाहतोय. ज्यांना नाव नको, त्यांचं कोरणार नाही. युनिट आणि आघाडी मात्र वहीत लिहून घेणार.