मदत हवी आहे: यीस्ट इन्फेक्शनवर मशरूमच्या कॅप्सूल

सायली_स
परत योनीत यीस्ट इन्फेक्शन झालंय. खाजेने रात्र रात्र झोप नाही, दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जातंय. फ्लुकोनाझोल (बुरशीवरची गोळी) घेतलं की थांबतं, मग पुन्हा तेच. गोळ्यांचा कंटाळा आलाय. रेशी मशरूमच्या कॅप्सूल यावर चालतात असं वाचलं. किती घ्यायच्या? आणि फोडून पावडर तेलात कालवून आत लावली तर? नुसतं ‘डॉक्टरकडे जा’ लिहू नका, प्लीज.

अबोली
पावडर आत अजिबात नको. ती निर्जंतुक नसते आणि तिथली त्वचा आधीच हुळहुळी झालेली असणार. ‘परत’ म्हणजे वर्षात किती वेळा? दिवस गेलेत का? अँटिबायोटिक घेतलं होतं? शुगर आहे?

वनराई
रेशीचा काढा मी कित्येक वर्षं घेतेय. त्यातल्या बीटा-ग्लुकान नावाच्या घटकाने प्रतिकारशक्ती वाढते, माझी सततची सर्दी गेली. सायली, बिनधास्त सुरू कर.

मधुरा_के
उलट मशरूम बंद करा! बुरशीच्या आजारात बुरशीच खायची? ब्रेडसुद्धा बंद.

अबोली
मधुराताई, अळंबी खाल्ल्याने कॅन्डिडा (या इन्फेक्शनचं यीस्ट) वाढत नाही, ती इतर अन्नासारखीच पचते. वनराई, सर्दीचा प्रश्न कुणी विचारलाय? रेशीच्या अर्काने काचेच्या बशीत बुरशीची वाढ रोखली, म्हणून कॅप्सूल गिळून योनीतलं इन्फेक्शन बरं होतं असं सिद्ध होत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रेशीने रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो.

सूक्ष्मदर्शी
बुरशीतून बुरशीवरचं औषध मिळतं, ही कल्पना मात्र चुकीची नाही. पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका इवल्या अळंबीतून १९७७ मध्ये स्ट्रोबिल्युरिन वेगळं केलं, त्यावरून पिकांवरची बुरशीनाशकं आली. २०२१ मध्ये अमेरिकेत नेमक्या याच इन्फेक्शनसाठी मंजूर झालेलं इब्रेक्साफंगर्पही मुळात एका बुरशीच्या रेणूवरून बनवलंय (गर्भारपणात चालत नाही). पण ती शुद्ध केलेली, मात्रा ठरलेली औषधं. वाळवून दळलेली अळंबी म्हणजे ते नव्हे.

पिंपळपान
ॲझॉक्सीस्ट्रोबिन त्यातलंच ना? माझ्या गुलाबावर भुरी आलीये, किती दिवसांनी फवारू?

सायली_स
गुलाबासाठी वेगळा धागा काढा ना! अबोली, दिवस नाही गेलेत, अँटिबायोटिक नाही. या वर्षात तीनदा तरी नक्कीच झालंय. तपासणी नाही केली, लक्षणं तीच असतात म्हणून गोळी आणते. शुगर आहे, पण नवीन गोळीपासून एकदम कंट्रोलमध्ये.

अबोली
नवीन गोळी कुठली?

सायली_स
डॅपाग्लिफ्लोझिन. त्याचा इथे काय संबंध?

अबोली
थेट संबंध आहे! ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि त्या साखरेवर तिथलं यीस्ट पोसतं. हा तिचा माहितीतला दुष्परिणाम आहे. स्वतःहून बंद करू नकोस, ज्यांनी दिली त्यांना सांग. वर्षात तीनदा म्हणजे वारंवार होणारं इन्फेक्शन, त्यामुळे स्वॅबचं कल्चर (आतला स्राव काडीवर घेऊन त्यातली बुरशी वाढवून ओळखणं) करून घेच. कॅन्डिडाची नेहमीची जात अल्बिकन्स निघाली तर फ्लुकोनाझोल १५० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, असं सहा महिने देतात. ग्लाब्राटा ही दुसरी जात त्याला बऱ्याचदा दाद देत नाही. तेव्हा बोरिक ॲसिडच्या ६०० मिग्रॅ कॅप्सूल तीन आठवडे योनीत ठेवायला देतात. त्या चुकूनही गिळायच्या नाहीत, विषारी असतात. माशासारखा वास येतो का? तसं असेल तर हे यीस्ट नसेलही.

सायली_स
वास नाही. गोळीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं!! उद्या सकाळीच फोन करते. आज रात्रीच्या खाजेचं काय करू?

मधुरा_के
लसणीची पाकळी ठेव आत.

अबोली
लसूण नको, भाजल्यासारखी जखम होते! साबण आणि सुगंधी वॉश बंद, सैल सुती कपडे, बाहेरून गार पाण्याची घडी. स्वॅब होईपर्यंत आत काहीही घालू नकोस, रिपोर्ट चुकेल.