जुन्या विटांच्या भिंतीच्या दरजा स्वतः भरायच्या आहेत, आधीचं सिमेंट कसं काढावं?

नमस्कार. घराची मागची भिंत जुन्या भाजक्या विटांची, मूळ बांधकाम चुन्यातलं. आधीच्या मालकांनी खालच्या भागातल्या दरजा (विटांमधले सांधे) कधीतरी सिमेंटने भरून घेतल्या होत्या आणि नेमका तोच भाग खराब झालाय. वर चुना भुसभुशीत आहे, बोटाने उकरला तरी वाळू गळते, पण विटा शाबूत आहेत. खाली उलट. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा पुढे आलेल्या आणि मधल्या विटांचे पोपडे निघून त्या आत गेलेल्या. लोणाही (क्षारांचा पांढरा थर) तिथेच फुटतो.

मला समजलंय ते असं, की भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दरजांतून सुकायची. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल विटेतून बाहेर पडू लागली, आणि तिच्यातले क्षार विटेच्या तोंडाशी साठून वीट फोडतात. म्हणून दरजेतला माल विटेपेक्षा नरमच हवा. चुनाच वापरायचा, त्यात चिमूटभरही सिमेंट घालायचं नाही, हे पक्कं आहे.

वरचा भाग जमेल असं वाटतं. दरजा साधारण १० मिमी रुंद आहेत, म्हणजे २० ते २५ मिमी खोल उकरून, धूळ झाडून, पाणी मारून भरायच्या.

अडलंय ते खाली. काही ठिकाणी छिन्नी लावली की सिमेंटबरोबर विटेची कडही निघते. ग्राइंडर फिरवावा का? आणि भिंतीला पावसाचा मारा बसतो, तर साधा मळलेला चुना चालेल की हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा) घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ग्राइंडर नकोच. आडव्या दरजेत पातं जरा हललं तरी विटेवर कायमचा चरा पडतो, आणि उभ्या दरजेत तर ते वरच्या-खालच्या विटेत घुसतंच.

आधी सगळीकडे हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथे सिमेंट नुसतं वरवर लिंपलेलं असतं, ते ढलपीसारखं सुटतं. घट्ट ठिकाणी दरजेच्या मधोमध बारीक ड्रिलने ओळीने भोकं पाडा, मग दरजेपेक्षा अरुंद छिन्नीने कडेकडून मधल्या पोकळीकडे तोडत या, म्हणजे जोर विटेवर जात नाही. एवढं करूनही कड तुटत असेल तर तो तुकडा राहू द्या. विटेची भाजलेली कड एकदा गेली की परत येत नाही.

पावसाच्या माऱ्याला हायड्रॉलिक चुना बरा, पण विटा नरम असल्याने एनएचएल (नैसर्गिक हायड्रॉलिक चुना) २ किंवा फार तर ३.५ या प्रतीचा, त्याहून कडक नको; आकडा जितका मोठा तितका चुना कडक. एक भाग चुन्याला अडीच भाग जाड-बारीक मिसळलेली धुतलेली वाळू. माल कोरडाच ठेवा, मुठीत दाबला की गोळा व्हावा आणि हाताला फारसा चिकटू नये. खोल दरज एका दमात भरू नका, थरावर थर दाबत या. अंगठा दाबून खूण उमटेनाशी झाली की ताठ केसांच्या ब्रशने टोकून घ्या, करणीने गुळगुळीत करू नका. विटांच्या कडा झिजल्या असतील तिथे माल किंचित आत ठेवा, विटेच्या तोंडावर पसरू देऊ नका. नंतर काही दिवस ओलं गोणपाट टांगून उन्हा-वाऱ्यापासून जपा. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा.

आणि ओल मुळात येते कुठून? वरची पन्हळ गळतेय का, बाहेरची माती भिंतीला चढलीय का, हे दरजांना हात लावण्याआधी बघा. खालच्या भागाचा जवळून फोटो टाकलात तर कोणत्या विटा बदलाव्या लागतील तेही सांगता येईल.