बाबांची ॲम्बेसेडर: ठेवू की देऊन टाकू? नाव परत येणार या बोलण्यात किती दम आहे?

मानेवाडा_रोड

नमस्कार. नागपूरहून लिहिते आहे. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे बाबा सरकारी ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बहुतेक ॲम्बेसेडरवर. हिवाळी अधिवेशन लागलं की बाबा आम्हाला दिसायचेच नाहीत. पहाटे चारला सायकल काढून जायचे. रवी भवन ते विधान भवन, तिथून आणखी कुठेकुठे, आणि रात्री साहेब झोपले की गाडी पुसून लावायची. आई डबा द्यायला सिव्हिल लाइन्सला जायची, तेव्हा मी मागे लागून सोबत जायची. झाडांखाली पांढऱ्या ॲम्बेसेडरांची रांग उभी असायची, सगळ्या एकसारख्या. बाबांची गाडी मी लांबूनच ओळखायची. दाराच्या आरशाला पिवळं फडकं बांधलेलं असे आणि त्याची गाठ कायम डावीकडे. थंडीत ड्रायव्हर मंडळी बॉनेटवर तळवे टेकवून शेकत उभी राहायची, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

१९९५ ची एक गाडी बाबांनी नवी कोरी असल्यापासून चालवली. २००६ मध्ये तिचं निर्लेखन झालं, म्हणजे सरकारनं ती वापरातून काढली, लिलाव निघाला आणि बाबांनी ती साडेबत्तीस हजारांत घेतली. निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं. आईनं आठ दिवस अबोला धरला होता. नंतर त्याच गाडीतून ती रामटेकला, आदासाला, काटोलला माहेरी अशी सगळीकडे हिंडली. मे महिन्यात वर्धा रोडवर गाडी बंद पडली की बाबा शांतपणे उतरायचे, पाण्याच्या बाटलीत फडकं भिजवून इंजिनाच्या फ्युएल पंपावर ठेवायचे आणि आम्हाला म्हणायचे, "दहा मिनिटं थांबा, तिला पण ऊन लागते नं."

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक निघाली त्या दिवशी, बाबा गेले.

गाडी दारात उभी आहे. महिन्यातून दोनदा मी ती नरेंद्र नगरपर्यंत फिरवून आणते. डिसेंबरमध्ये नोंदणीची मुदत संपते. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी आता दहा हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला आहे. भंगारवाला चाळीस हजार म्हणतो. लग्नाला गाड्या सजवून देणारा एक जण एक लाख दहा हजार द्यायला तयार आहे.

माझा भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, "ताई, थांब. ॲम्बेसेडर इलेक्ट्रिक होऊन परत येऊन राहिली. नाव परत आलं की जुन्या गाड्यांचा भाव वाढेल, पार्टही मिळायला लागतील." रोज एक व्हिडिओ पाठवतो. २०२२ मध्येही अशीच बातमी आली होती, दोन वर्षांत नवी गाडी येणार म्हणून. तेव्हा बाबा होते. त्यांनी ती पेपरातून कापून ठेवली. कात्रण अजून गाडीच्या कप्प्यात आहे.

म्हणून विचारते. हे नाव खरंच परत येईल का? आणि आलं तर माझ्या दारातल्या गाडीला त्याचा काही उपयोग होईल का?

हिशेबाची_वही

तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून वेगळं उत्तर देतो. कंपन्यांचे हिशेब वाचण्यात माझी नोकरी गेली आणि या कंपनीचे मी आपुलकीनं वाचले आहेत.

बिर्ला घराण्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी १९५८ च्या सुमारास पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात काढायला सुरुवात केली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास गाड्या निघत होत्या. शेवटच्या पूर्ण वर्षात हा आकडा बावीसशेच्या आसपास उरला. २४ मे २०१४ ला कारखान्याचं काम थांबवलं गेलं आणि अडीच हजारांच्या आसपास कामगारांची रोजी गेली. मारुतीनं मारलं असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मारुती डिसेंबर १९८३ मध्ये आली, त्यानंतर ॲम्बेसेडर तीस वर्षं जगली. सरकार आणि टॅक्सी ही दोन गिऱ्हाइकं बांधलेली होती, त्यामुळे नवी गाडी करण्याची निकड कंपनीला वाटलीच नाही. सरकारनं दुसऱ्या गाड्या घ्यायला सुरुवात केल्यावर हातात काही उरलं नाही.

आता नावाचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'ॲम्बेसेडर' हे नाव फ्रान्सच्या प्यूजो गटाला ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. विकलं ते नाव आणि त्याचे हक्क. उत्तरपाड्याच्या यंत्रांचा, साच्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. २०२१ मध्ये तो गट फियाट-क्रायस्लरमध्ये मिळून स्टेलांटिस झाला. ही स्टेलांटिस भारतात सिट्रोएन आणि जीप विकते. सिट्रोएनच्या गाड्या तमिळनाडूत तिरुवळ्ळूरला बनतात. त्याच कारखान्यात हिंदुस्तान मोटर्स पूर्वी मित्सुबिशीच्या गाड्या बनवायची. म्हणजे बिर्ला मंडळी आणि फ्रेंच मंडळी यांचं सूत जुळलेलं आहे, जागाही आहे. तरीसुद्धा मला फार आशा वाटत नाही. सिट्रोएनचाच जम इथं अजून बसायचा आहे. आहे ते दुकान चालेना तेव्हा शेजारी आणखी एक पाटी कोण लावेल?

याच गटाकडे इटलीची लान्चिया आहे. एके काळी मोटारींच्या रॅली शर्यती गाजवलेलं घराणं. कित्येक वर्षं ते एका छोट्या गाडीवर आणि फक्त इटलीत तग धरून होतं, २०२४ मध्ये नवी गाडी आली. नाव असं पडून राहू शकतं, वीस वर्षंही. कधीतरी कुणाला वाटलं तर उठतंही. पण त्या वाटण्यावर आपण दहा हजारांची फी भरायची की नाही हे ठरवू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. उद्या ॲम्बेसेडर नावाची इलेक्ट्रिक गाडी आली तरी तिचा एक बोल्टसुद्धा तुमच्या गाडीला लागणार नाही.

फुटाळा_सायंकाळ

वरच्या दादांशी अर्धा सहमत. जावा २०१८ ला परत आली, येझदी २०२२ ला. लोकांनी घेतल्या नं? नाव मेलं असं कुणी आधी सांगू शकत नाही. ताई, मी असतो तर ठेवली असती.

दादरला_गेलेला_नागपूरकर

मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. बाबा वारल्यावर मी ती सात वर्षं झाकून ठेवली. झाकलेली गाडी खराब होते हे मला कुणी सांगितलं नाही. पेट्रोलच्या टाकीत गंज, ब्रेक जाम, उंदरांनी वायरिंग खाल्लं. शेवटी गेली तेव्हा क्रेननं उचलून न्यावी लागली आणि आई गॅलरीतून आत निघून गेली. चालती होती तेव्हाच एखाद्या शौकिनाला दिली असती तर ती आज कुठेतरी धावत असती.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही उरली नाही. मी त्या आठवड्यात मुद्दाम दोनदा काळ्या-पिवळीत बसलो, दोन्ही वेळा दुसरीच गाडी आली.

ताई, चालवणार असाल तर ठेवा. आठवण म्हणून उभी करणार असाल तर लग्नवाल्याला द्या. तो निदान चालवेल.

कॉटन_मार्केट_गॅरेज

ताई, मी एक्केचाळीस वर्षांपासून हेच काम करून राहिलो. नावाचं, फ्रान्सचं मला समजत नाही. गाडीचं सांगतो.

१९९५ ची आणि पेट्रोल, म्हणजे बहुधा १८०० आयएसझेड मॉडेल. इंजिन इसुझूचं, पाच गिअरचं. हेच इंजिन कॉन्टेसालाही होतं, म्हणून त्याचे पार्ट अजून निघतात. कोलकात्याला मल्लिक बाजारात मिळतात. तिकडं पंधरा वर्षं झालेल्या टॅक्सी बंद करून राहिले, त्यांचा माल तिथंच येतो. कमानपाटे, ब्रेक लायनर, बुश, सायलेन्सर हे तर इथंच होऊन जाते. इंजिनाची चिंता करू नका.

चिंता पत्र्याची करा. या गाडीला ट्रकासारखी वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. समोर स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार आहे, लांब लोखंडी दांडा. तो मागं येऊन सीटखाली आडव्या मेंबरला, म्हणजे बॉडीच्या आडव्या तुळईला धरतो. पायाखालचा पत्रा सडला तर दुसरा टाकता येते. तो मेंबर सडला असेल तर गाडी एका बाजूनं बसते आणि खर्च तिप्पट होते.

तुम्ही स्वतःच पाहा. मॅट काढा, मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, मेंबरवर जोरात ठोसा मारा. टण्ण वाजलं तर ठेवा. भसकन आत गेला तर लग्नवाल्याचे पैसे घ्या. जॅकवर गाडी असताना खाली शिरू नका, पोराला किंवा शेजाऱ्याला सोबत घ्या.

आणि गाडी अजून तुमच्या बाबांच्या नावावर असेल तर पहिले वारस म्हणून तुमच्या नावावर करा, आरटीओत नमुना ३१ चा अर्ज लागते. त्याशिवाय विकताही येणार नाही आणि नूतनीकरणही अडकेल.

मानेवाडा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. दादरच्या दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. पण तुम्ही सांगितलं ते बरं झालं.

आज सकाळी मॅट काढली. जाड रबरी मॅट आहे, नवी असतानाची. ती उचलल्यावर खाली पत्रा दिसेल असं वाटलं होतं. दिसला तेलाच्या डब्याचा पत्रा. बाबांनी पंधरा किलोचा डबा कापून, ठोकून सपाट करून, कडेनं रिव्हेट मारून बसवला होता आणि वर लाल रेड ऑक्साइड. एका कोपऱ्यात रंग निघाला आहे, तिथं शेंगदाण्याचं चित्र दिसतं. अकरा रिव्हेट आहेत. सगळे सारख्या अंतरावर, बाबांनी पट्टी लावून खुणा केल्या असणार. आम्हाला कधी कळू दिलं नाही. काटोलला जाताना आई त्याच्यावरच पाय ठेवून बसायची, कारण समोरची सीट सलग आहे आणि ती सरकत सरकत मधोमध यायची.

डब्याच्या पत्र्याच्या आजूबाजूला स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला. मेंबरला शेजारच्या काकाजींच्या मुलानं तीन जागी ठोसे मारले, दोन्हीकडे. प्रत्येक वेळी टण्ण वाजलं.

नमुना ३१ चं काम बाबा गेल्यावर लगेच झालं होतं, गाडी माझ्या नावावर आहे. भावाला फोन केला. म्हटलं, नवी येईल तेव्हा येईल, तू व्हिडिओ पाठवू नको, पत्र्याचे अर्धे पैसे पाठव. तो हो म्हणाला. लग्नवाल्याला नाही सांगितलं. मी गाडी चालवणार आहे, दर रविवारी, आईला घेऊन.

गॅरेजवाले काका, मी सोमवारी गाडी घेऊन येऊ का? एकच विनंती आहे. तो डब्याचा पत्रा तसाच ठेवून वरून नवा टाकता येईल का?

कॉटन_मार्केट_गॅरेज

नाही ताई. खाली पाणी धरते, नवा पण दोन वर्षांत सडेल. तो काढावाच लागते.

पण ड्रिलनं नाही काढत. एक एक रिव्हेट छिन्नीनं उडवतो, म्हणजे पत्रा सलग निघेल. घरी घेऊन जा. सोमवारी साडेआठला या, पहिला नंबर तुमचा. आणि येताना टाकी अर्ध्याहून कमी ठेवा, वेल्डिंग आहे.