34 व्या नंबरासाठी एवढा आरडाओरडा?

सोमवार, 12 फेब्रुवारी 2018

गोखले काकू बी-302: नमस्कार. काल संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये कसला गोंधळ चालला होता? दहावीची परीक्षा तोंडावर आलीये, एवढं तरी भान ठेवावं. मॅच तर शनिवारीच झाली.

सावंत ए-104: क्लबहाऊसची चावी कोणी घेतली होती? रजिस्टरमध्ये सही नाही.

जोशी काका सी-501: काकू, मुलांना मीच बसवलं होतं. आपल्या शिवा केशवनची शेवटची लूज शर्यत होती, म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवरून स्लेजवर (घसरगाडीवर) खाली यायची. हे त्याचं सहावं हिवाळी ऑलिंपिक. 1998 ला नागानोला गेला तेव्हा 16 वर्षांचा होता, आता 36.

शिंदे बी-101: मेडल?

जोशी काका सी-501: नाही. 34 वा आला.

शिंदे बी-101: 34 व्या नंबराला शिट्ट्या 😄 तेही म्हाताऱ्या खेळाडूला

पाटील ताई ए-203: 36 ला म्हातारा? मग आपल्या कमिटीला काय म्हणायचं 😂

चेअरमन साहेब: कृपया कमिटीवर घसरू नये 🙏

सावंत ए-104: चावी कोणी घेतली?

जोशी काका सी-501: शिंदे, उताणं झोपायचं, पाय पुढे, आणि ताशी 130 किमीच्या आसपास खाली यायचं. स्लेजला ब्रेक नाही. पोटऱ्या नि खांदे दाबून वळवायची. सिंहगडाचा घाट असा उतरून दाखवा. मनालीजवळचा हा मुलगा, आपल्याकडे ट्रॅक नाही म्हणून स्लेजला चाकं लावून डोंगरातल्या रस्त्यावर ट्रकांमधून सराव करायचा. सोचीला 2014 मध्ये सरावात पडला आणि घसरता घसरताच परत स्लेजवर चढला! तेव्हा आपल्या ऑलिंपिक संघटनेवर बंदी, म्हणून बिचारा तिरंग्याशिवाय खेळला. गेल्या शुक्रवारी उद्घाटनाला तिरंगा त्याच्याच हातात होता. पहिला मी ओरडलो, मुलं नंतर.

ओंकार ए-404: काका, त्या जर्मन फेलिक्स लोखचं पण सांगा. आधीच्या दोन्ही ऑलिंपिकचं सुवर्ण त्याचं, काल शेवटच्या फेरीत एक चूक आणि थेट 5 वा!! निम्मा आवाज तेव्हाचा होता

कदम सी-102: सी विंगसमोर पांढरी गाडी कोणाची? तिसऱ्यांदा विचारतोय.

पाटील ताई ए-203: कदम, तुमच्या पाहुण्यांचीच असेल, मागच्या वेळेसारखी.

कदम सी-102: मागचं उकरायची गरज नव्हती ताई.

गोखले काकू बी-302: इतका जीवघेणा खेळ लहान मुलांना दाखवायचाच कशाला?

जोशी काका सी-501: काकू, 2010 ला आजच्याच तारखेला जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या लूज सरावात अपघातात गेला. 21 वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर शर्यत झाली, केशवनही उतरला. मुलांना हेही सांगितलं काल, सगळी गप्प बसून ऐकत होती.

गोखले काकू बी-302: बरं. आवाजाबद्दल माझं म्हणणं कायम आहे. नातू शर्यतीचं विचारतोय, व्हिडिओ असेल तर मला वेगळा पाठवा.

सावंत ए-104: आणि चावी??

जोशी काका सी-501: माझ्याकडे आहे सावंत, सही करून जातो. यंदा आपले दोघंच गेलेत. शुक्रवारी दुसऱ्याची, जगदीश सिंगची, 15 किमी क्रॉस कंट्री स्कीइंग आहे. क्लबहाऊस लागेल.

चेअरमन साहेब: लेखी अर्ज द्यावा. आवाज बेताचा.

जोशी काका सी-501: अर्ज देतो. आवाजाचा शब्द नाही देत.