मियाटाला शॉर्ट शिफ्टर: कुठला घेऊ?

राउंड रॉकहून:
नमस्कार मंडळी, गाडीचा प्रश्न मंडळाच्या ईमेल यादीवर टाकतोय, रागावू नका. गेल्या महिन्यात १९९५ची माझदा मियाटा घेतली, पाच गिअरवाली. दांडा गिअरमध्ये असला तरी आमटीतल्या पळीसारखा डुलतो. तिसरा पडला की पाचवा, कळत नाही. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हात कमी हलवावा लागणारा गिअरचा दांडा, बसवायचा विचार आहे. एक स्वस्तातला आणि एक चांगलाच महाग पाहून ठेवलाय. कुणी बसवलाय का?

प्लॅनोहून:
अरे, आधी पाकीट खिशात ठेव. दांडा लांब आहे म्हणून डुलत नाही, खालचा बुश गेलाय. तुझ्या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, मध्ये केबल वगैरे भानगड नाही. त्याच्या टोकाला प्लास्टिकची चिमुकली वाटी असते, तोच बुश. माझ्या गाडीतली बोटांत धरली तर वाळल्या पापडासारखी मोडली, अर्धे तुकडे आधीच तेलात पडलेले!

वरचा आणि खालचा, दोन्ही रबरी बूट (दांड्याभोवतीची आवरणं) त्याच वेळी बदल. खालचा फाटला की गिअरबॉक्सची धग आणि आवाज थेट वर येतो. आमची ही दोन उन्हाळे एसीला दोष देत होती. आणि दांड्याखाली तेलाची वेगळी छोटी विहीर असते. गिअरबॉक्सचं तेल बदललंस तरी हिच्यातलं तसंच राहतं. जुनं उपसून ७५डब्ल्यू-९० जाडीचं गिअर तेल घाल, जीएल-४ प्रतीचंच घे. काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रोला (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. गाडी गार असताना, न्यूट्रलमध्ये ठेवून कर. एका सकाळचं काम.

आता शॉर्ट शिफ्टर. तो म्हणजे तरफच. हाताचा प्रवास ३० टक्के घटला की जोर साधारण ४३ टक्के जास्त लागतो, फुकट काही मिळत नाही. या गाडीचा दुसरा गिअर थंडीत आधीच हट्टी, तो आणखी रुसतो. त्यापेक्षा दांड्यावर जड नॉब (वरची मूठ) लाव, आटे एम१० बाय १.२५चे बघून घे. फक्त धातूचा घेतलास तर टेक्सासच्या जुलैत चटका बसतो. मी माझ्या नॉबला मोजा घालतो. हसणाऱ्यांना हसू दे.

शुगर लँडहून:
काका, बुशचं पटलं, नॉबचं नाही. मी ऑटोक्रॉसला (शंकूंमधून घड्याळ लावून गाडी पळवायच्या स्पर्धेला) जातो. तिथे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना शॉर्ट शिफ्टरचा खटका आवडतो मला. पण माझ्या दांड्यात रबर नाही, सगळा अखंड धातू. हायवेवर हात ठेवला की मधमाशांचं पोळं धरल्यासारखं वाटतं. घेणार असशील तर रबर असलेलाच घे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

यादी सांभाळणारी:
विषयात ‘गाडी’ लिहा हो, दिवाळी अंकाचे मेल शोधताना गिअरबॉक्स उघडतोय.

राउंड रॉकहून:
[गाडी] शनिवारी उघडलं. वाटीचे तीन तुकडे, खालचा बूट चिरलेला, आणि तेल काजळ कालवल्यासारखं. सगळं बदललं. डुलणं गेलं, तिसरा-पाचवा वेगळे कळतात. दुसरा सकाळी अजून कुरकुरतो, म्हणून पहिले दोन-तीन मैल पहिल्यातून दुसऱ्यात सावकाश टाकतो. शॉर्ट शिफ्टरची ऑर्डर तूर्त थांबवलीय.

काका, तो मोजा कुठल्या मापाचा?

प्लॅनोहून:
नातवाचा. पाच वर्षांचा आहे.