वसतिगृहाच्या कोठीत उंदीर, ओट्याखाली झुरळं: विषाच्या वड्या ठेवू द्याव्यात का?

प्रश्न (वसतिगृह_सोलापूर): नमस्कार. सोलापुरात मुलींचं वसतिगृह आहे, १२० जणी. स्वयंपाकघराला लागून पत्र्याची कोठी. ज्वारी-शेंगदाण्याच्या गोण्या भिंतीला टेकवलेल्या, खालून कुरतडलेल्या. तुळईवर काळपट तेलकट पट्टा. लेंड्या सेंटिमीटरभर, दोन्ही टोकं निमुळती. ओट्याखाली बारीक, फिकट तपकिरी झुरळं. ठेकेदार म्हणतो, कोठीत वड्या ठेवतो आणि स्वयंपाकघरात फवारतो. मन धजत नाही.

कोठीवाला: ताई, वड्या कोठीत अजिबात नकोत. निमुळत्या लेंड्या आणि तुळईवरचा पट्टा म्हणजे छपरातला काळा उंदीर. घूस असती तर बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग दिसला असता. ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाची वडी खाल्लेला उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, तोही पत्र्याखाली कुठेतरी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वास काढणं कठीण. शिवाय वडीचे तुकडे तो ओढत नेतो, ते ज्वारीत पडले तर?

आधी वाट बंद करा. पेन्सिल जाईल एवढी फटही सोडू नका. पत्रा आणि भिंतीमधल्या सांदीत पाव इंची जस्ताची जाळी, पाइपाभोवती स्टीलचा काथ्या कोंबून वर सिमेंट. नुसता फोम भरला तर उंदीर तो कुरतडतो. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. गोण्या लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा, म्हणजे मागे झाडता येतं आणि ताजी लेंडी लगेच दिसते.

मग पिंजरे. नवी वस्तू दिसली की उंदीर बिचकतो, म्हणून तीन-चार रात्री दार बांधून उघडंच ठेवा, आत सुका बोंबील किंवा तेल लावलेली भाकरी. खाणं सुरू झालं की सगळे एकाच रात्री लावा. दहा पिंजरे एका रात्री लावणं हे दोन पिंजरे दहा रात्री लावण्यापेक्षा फार बरं.

वसतिगृह_सोलापूर: गोंदाचे पुठ्ठे चालतील? आणि झुरळांचं काय?

होटगी_रोड: पुठ्ठे नकोत. पालीही चिकटतात, आणि अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडत तिथेच मुततो, तेही धान्याशेजारी.

झुरळांना फवारा नको, जेल लावा, म्हणजे झुरळांनी खाऊन मरावं असं विषारी आमिष. आधी ओट्यामागचं तेलकट किटण खरवडून काढा. आयतं खाणं असलं तर जेलला कोण विचारतो? मग मसुराच्या दाण्याएवढे ठिपके: बिजागरीच्या आत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ. भांडी आणि पोळपाटाच्या जागेपासून लांब. त्या भागात नंतर फवारा मारू नका, फिनाईलनेही पुसू नका. वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. अंड्यांच्या एका कोशातून तीसेक पिल्लं निघतात आणि कोशाला जेल लागू होत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा ठिपके.

कोठीवाला: एक राहिलं. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटांनी कागदाने टिपून पिशवीत बांधा. कुरतडलेल्या गोणीतलं धान्य पाखडून वापरू नका, टाकूनच द्या.